आठ मिनिटे आधीची अजान

नाव : नौफल सालेम गरसल्ला. वय : २४ वर्षे. शिक्षण : नववीपर्यंत. धंदा : रेडिओ सदफच्या गफ्सा शाखेत यंत्रचालक. राहणार : खाणकामगार वसाहत, घर क्रमांक ३१, गफ्सा, ट्युनिशिया.

मी आज सोमवार, दिनांक २५ मार्च २०२४, रमजानचा चौदावा रोजा, रोजी सायंकाळी ७.१० वाजता स्वतःहून ठाण्यात हजर झालो. मला कोणी धरून आणलेले नाही. विचारल्यावरून सांगतो की, आमचे मुख्य केंद्र स्फाक्सला समुद्राकाठी आहे. तिथे सूर्य गफ्सापेक्षा आठ मिनिटे आधी मावळतो. गाणी दिवसभर स्फाक्सहून येतात. रमजानात माझे काम असे की, सायंकाळी ६.२० वाजता स्फाक्सची लाइन तोडायची, इथल्या जाहिराती लावायच्या, गफ्साच्या वेळेला मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान लावायची आणि नंतर लाइन परत जोडायची. आमच्या भागात पुष्कळ लोक रेडिओची अजान ऐकूनच रोजा सोडतात.

गावात नखील एफएम हे जुने स्टेशन आहे. आम्ही दोन महिन्यांपूर्वी आलो. आमचा नव्या गाण्यांचा कार्यक्रम टॅक्सीवाले लावू लागल्यापासून दोन्ही स्टेशनांत चुरस आहे. त्या कार्यक्रमात सलग गाणी असतात, मध्ये कोणी बोलत नाही. गेल्या दहा दिवसांपासून नखीलवरही तीच गाणी, त्याच क्रमाने लागत होती. आमच्या शाखाप्रमुख मादाम वसीला यांच्या सांगण्यावरून मी लहान रेडिओवर नखील ऐकून वहीत नोंद ठेवत होतो. 'तेच गाणे, वीस सेकंद मागे' असे मी एकूण नऊ ठिकाणी लिहिले आहे. मादामना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "पळू देत बापडे आपल्या मागे." वही हजर केली आहे.

आज मी ६.१९ वाजता लहान रेडिओ बंद केला. लाइन तोडताना दुसरा आवाज असला की माझा गोंधळ होतो. ६.२० वाजता लाइन तोडली. लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे स्फाक्सचे काही बाहेर जात नाही. आजची गफ्साची वेळ ६.३९ होती. मी ती भिंतीवरच्या वेळापत्रकात दोनदा पाहिली होती.

६.३१ वाजता दही कंपनीची जाहिरात चालू असताना खालच्या गल्लीतून अजान ऐकू आली. समोरच्या खाटीक लझहरकाकांच्या दुकानातला रेडिओ होता. आवाज शेख तिजानींचा होता. त्यांच्या अजानीचे रेकॉर्डिंग फक्त सदफकडे आहे. मी दिव्याकडे पाहिले. दिवा लालच होता. माझा दिव्यावर विश्वास बसला नाही. खिडकीतून पाहिले तर लझहरकाकांनी खजूर तोंडात टाकला होता आणि पलीकडच्या घरांतून चमच्यांचे आवाज येत होते. मी खिडकीतून ओरडलो नाही. काय ओरडावे ते सुचले नाही.

६.३९ वाजता मी वेळापत्रकाप्रमाणे अजान लावली; खाली उभ्या टॅक्सीच्या रेडिओवरून ती गल्लीभर ऐकू आली. सुमारे पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसे जिन्यावर आली. लझहरकाका पुढे होते. ते म्हणाले, "दोन-दोन अजान? आमची चेष्टा करतोस काय रे? अख्ख्या गल्लीचा रोजा मोडलास!" मी म्हणालो, "काका, दिवा लाल होता." ते म्हणाले, "दिवा घाल चुलीत! आवाज तुमच्या तिजानीचा, मी काय बहिरा आहे?" कोणी मला हात लावला नाही.

६.५२ वाजता वडिलांचा फोन आला. ते खाणीतून निवृत्त आहेत. त्यांनी विचारले, "नौफल, ती अजान तुझी होती?" मी म्हणालो, "माहीत नाही." त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी लाइन जोडली, कुलूप लावले आणि इकडे आलो.

उपनिरीक्षक ब्राहमी साहेबांनी मादाम वसीला यांच्याकडून आमच्या प्रसारणाचे रेकॉर्डिंग मागवले आणि माझ्यासमोर लावले. ६.३१ वाजता त्यात दह्याचीच जाहिरात होती. साहेबांनी ती दोनदा लावली. तिसऱ्यांदा लावायची विनंती मी केली.

नंतर साहेबांनी लझहरकाकांना बोलावले. सोबत त्यांचा रेडिओ आणायला सांगितले. काटा नखीलवर होता. काका म्हणाले, "मी नेहमी नखीलच लावतो. सदफवाल्याची अजान तिथे कशी, ते मला काय ठाऊक!" अजानीनंतर काही ऐकले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "कोणीतरी म्हणालं, स्फाक्सकरांनो, इफ्तार मुबारक. मला वाटलं, पाहुण्यांना म्हणत असतील."

साहेबांनी नखीलच्या यंत्रचालकाला फोन केला. तो इफ्तारसाठी बहिणीकडे लवकर गेला होता. त्याने कबूल केले की, नखीलवाले दहा दिवस आमचे स्फाक्सचे प्रसारण इंटरनेटवरून उचलून स्वतःच्या नावाने सोडत होते. रोज अजानीच्या आधी तो ते बंद करून गफ्साची अजान लावत असे. आज बंद करायचे राहिले. साहेब म्हणाले, "गाणी चोरलीत ती चोरलीत, स्फाक्सचा सूर्यही उचलून आणलात!" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. त्या यंत्रचालकावर माझी स्वतःची तक्रार नाही. गाण्यांबाबत मादाम वसीला वेगळा अर्ज देणार आहेत.

लझहरकाकांनी मला विचारले, "तू केव्हा सोडलास रोजा?" मी सोडलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. ते म्हणाले, "म्हणजे सगळ्या गल्लीत रोजा तुझा एकट्याचाच शाबूत! घे, आधी पाणी पी." मी ८.०२ वाजता साहेबांच्या टेबलावरचे पाणी प्यालो आणि तीन खजूर खाल्ले.

८.०५ वाजता मी वडिलांना फोन करून सांगितले की, अजान माझी नव्हती. ते म्हणाले, "तुझ्या आईला आणि मला एक-एक दिवस भरून काढावा लागेल. ईदनंतर बघू. तू ये. चोर्ब्याचं सूप परत गरम करायला ठेवलंय."

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी ६.३१ ऐवजी ६.१३ पडले होते, ते माझ्यासमोर दुरुस्त करून तिथे माझी सही घेतली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. मला आता घरी जाण्यास परवानगी आहे, असे साहेबांनी सांगितले आहे.

(सही) नौफल गरसल्ला
वेळ : रात्री ८.२०