लोहाराच्या हौदाचं पाणी

लायट्रिमच्या खेड्यातल्या दवाखान्यात मॅलकी लोहार पेपराआड तोंड लपवून बसला होता. पुढच्याच बाकावर ब्रिजी आणि डेलिया.

"चामखिळीला डॉक्टर कशाला गं डेलिया? लोहार तापलं लोखंड बुडवतो ना, त्या हौदातलं पाणी लाव."

"लावलं की! ढिम्म हलली नाही."

"मागून आणलंस?"

"मग काय, चोरू?"

"चोरायचंच असतं, बाई! लोहाराला कळलं की गुण गेला. आजीपासून चोरतोय आम्ही."

"आणि मॅलकीला पत्ता नाही?"

"त्याला? उलटा नाल ठोकला तरी त्याला घोडा सांगतो!"

दार उघडून नर्स ओरडली, "मॅलकी मॅक्गवर्न! चामखिळी ना? या आत."

पेपर हळूहळू खाली आला.

"आता गं, ब्रिजी?"

"आता काय? स्वतःचंच पाणी चोरणार कसं बिचारा?"