तबकातले डोळे

वासंती : ‘देवीपुढे बोललीस तर शब्द मागे घ्यायचा नाही, वासंती. आणि फेडायला उशीर लावायचा नाही.’ सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, पण सकाळपासून हेच कानात घुमतंय. म्हणून विचारते यशोदाबाई, तुमच्या चर्चमध्ये बोललेला नवस मागे घेता येतो का?

यशोदाबाई : आधी बसा, वैनी. त्या बाकावर टेका. माझी वेदी पुसून झाली. नवस कुनाला बोललात?

वासंती : त्या खिडकीतल्या बाईंना. मागच्या मंगळवारी कंपनीतून निरोप आला, ग्राइंडरचा दगड फुटून ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत कण गेले म्हणून. मी दवाखान्याकडे धावत निघाले, तर तुमचं दार उघडं. आत रंगीत काचेतून ऊन येत होतं आणि त्या हातात तबक धरून उभ्या. तबकात दोन डोळे.

यशोदाबाई : संत लुसिया.

वासंती : मला कुठलं नाव ठाऊक. आमच्या गावच्या देवीला चांदीचे डोळे वाहतात. वाटलं, ही तशीच कुणी. तबक पुढे केलंय, म्हणजे घे म्हणतेय. हात जोडले आणि बोलून गेले, ह्यांची नजर राहू दे, चांदीचे डोळे वाहीन.

यशोदाबाई : मंग त्यात काय वंगाळ?

वासंती : काल शेजारच्या चारुलताबाईंना सांगितलं. त्या कॉन्व्हेंटात शिकवतात. म्हणाल्या, अहो, ते तिचेच डोळे आहेत. धर्म सोडत नाही म्हणून काढले तिचे. तेव्हापासून घास उतरत नाही. जिचे डोळे काढून घेतले, तिच्यापुढे मी डोळे मागितले. आणि शिवाय...

यशोदाबाई : शिवाय काय?

वासंती : निदान एक तरी राहू दे, लागला तर माझा घे, असंही म्हटलं. कालपासून माझा डोळा लवतोय.

यशोदाबाई : कंचा?

वासंती : डावा.

यशोदाबाई : बाईचा डावा लवला तर तुमच्यात चांगलंच म्हनत्यात की.

वासंती : ते कळतं हो. पण आत्ताच लवायचं काय नडलंय?

यशोदाबाई : हसले म्हनून रागवू नगा. उठा, हिकडं या. तिच्या उजव्या हातात काय हाय?

वासंती : चवरी.

यशोदाबाई : चवरी न्हाई, झावळी हाय. देवासाठी जीव दिला त्यांच्या हातात ती असती. जिंकल्याची खूण. लाल पदर दिसतोय, ते तिचं रगत. आता तोंडाकडं बघा. मोजा डोळे.

वासंती : तबकात दोन. चेहऱ्यावर... दोन. मी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

यशोदाबाई : तबकातच गुतला जीव. फादर म्हनत्यात, काढलेले तबकात, देवानं परत दिलेले तोंडावर. दोनी एकाच काचेत.

वासंती : म्हणजे मागितलं तर मिळतं?

यशोदाबाई : तसं मी न्हाई म्हननार. माझ्या आईसाठी मी हितंच गुडघे टेकलेत, दोन वरीस. आईची नजर गेली ती गेलीच.

वासंती : आणि तरी तुम्ही रोज ही काच पुसता?

यशोदाबाई : आईला हाताला धरून आनायचे हितं. सांगायचे, आता लाल ऊन तुझ्या मनगटावर आलंय, आता बोटांवर. ती आपली हात उलटापालटा करायची, दिसल्यावानी. तुमच्या मालकांच्या डोळ्यांची पट्टी कधी सोडनार?

वासंती : आज, चारला. डॉक्टर काही सांगत नाहीत, सोडल्यावर बघू म्हणतात. ह्यांनी मला सांगून ठेवलंय, पट्टी निघताना समोर तू हवीस, आधी तुझं तोंड दिसू दे. मी हो म्हटलं. आणि दुपारी तिथून उठून आले, डबा घासायचा राहिला असं सांगून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच दिसलं नाही, तर मी कुठे बघू, यशोदाबाई?

(वासंती कनवटीची पुरचुंडी काढते. गाठ घट्ट बसली आहे. ती दातांनी सोडवावी लागते. आत चांदीचे डोळे. सोनाराने बुबुळं जरा तिरकी काढली आहेत, हे तिला आत्ता दिसतं.)

वासंती : हे इथे खिडकीखाली ठेवू?

यशोदाबाई : अजून पट्टी सुटायचीय, वैनी. नवस फळल्यावर द्यायचं असतंय ना?

वासंती : नाही फळला, तर मी पुन्हा या दारात येईन की नाही, याचा माझा मलाच भरवसा नाही. म्हणून आत्ताच.

यशोदाबाई : ठेवा मंग. हितं, कडेला. मी हलू देनार न्हाई.

वासंती : कंपनीचा भोंगा झाला का तीनचा?

यशोदाबाई : तुमी आत आलात तवाच झाला. दवाखान्यात खिडकी हाय का, त्यांच्या खाटेपाशी?

वासंती : आहे. डाव्या हाताला. चारला ऊन बरोबर तिथे येतं. निघते मी.