सपनाची तीट

नाही नाही ताई, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते सांगतो, पण आधी मला हे सांगा — तुमच्या बाबांच्या गालावर हा जो ठिपका आहे ना, इथे, नाकाच्या डावीकडे, हा डाग आहे की तीळ? नाही माहीत? बघा. तुम्ही सख्खी मुलगी, तुम्हाला माहीत नाही, मग कॉम्प्युटरला काय डोंबल माहीत असणार. आईला विचारा. फोनवर नको, फोटो समोर धरून विचारा. जोगेश्वरीत दशरथ फोटोवाला चाळीस वर्षं हेच करतोय — आधी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचो, मग प्रिंटवर ब्रश, आता माउस. काम तेच.

हां, सॉफ्टवेअर. तर असं आहे, फोटोशॉप घ्याल तर हात बसायला सहा महिने जातील, पण ते तुम्ही सांगाल तेवढंच करतं. फुकटवालंही मिळतं, वाईट नाही, जरा डोकं खातं इतकंच. आणि ते मोबाईलवरचं, एक बटण दाबलं की झकास चेहरा — ते नको. का म्हणजे? ते फोटो दुरुस्त करत नाही, नवीन माणूस काढतं. डोळे कुणाचे, दात कुणाचे. मुलुंडहून एक बाई आल्या होत्या तसला फोटो घेऊन, म्हणाल्या, नवरा एवढा देखणा असता तर मी माहेरी कशाला निघून गेले असते. हसा, हसा, मीपण हसलो होतो. पण खरं सांगू का — सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, वाट लावतो तो आपला हात. हे मी कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून.

माझी मुलगी होती, सपना. होती म्हणजे — दोन वर्षांची होऊन गेली. एक्याण्णव साली. ताप आला, तीन दिवसांत संपलं. आणि फोटो किती असतील तिचे? फोटोवाल्याची पोरगी ना, भरपूर असतील — एक. एकच. अख्ख्या वस्तीतली बारशी मी काढली, वाढदिवस काढले, आणि आपली काय, घरातच आहे, काढू उद्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो एकसुद्धा शकुने, माझ्या बायकोने, हट्ट केला म्हणून. न्हाऊ घातलं, फ्रॉक चढवला, मी कॅमेरा लावला तरी हिचं चालूच — थांबा, तीट राहिली. काजळाच्या डबीत बोट घातलं नि गालावर टेकवलं. पोरगी नेमकी हलली, तीट अशी लांबट उमटली. मी म्हटलं, पुस गं ते, फोटोत घाण दिसेल. ती म्हणाली, दिसू दे, दृष्ट लागण्यापेक्षा बरी. नाही पुसली तिने.

तीस वर्षं भिंतीवर होता तो फोटो. दमटपणाने काचेला चिकटला, निगेटिव्हला कधीच बुरशी लागली होती. मी म्हटलं, शकु, तुला नवाकोरा करून देतो. काचेवरूनच स्कॅन केला, तेवढी अक्कल होती. मग सुटतो का बघू म्हणून काचेसकट पाण्यात घातला — कागद सुटला, चेहरा काचेवर राहिला, आणि बघता बघता चिखल झाला त्याचा. मी म्हटलं, जाऊ दे, स्कॅन आहे ना. बसलो. दिवसभर बसलो. इतकं मन लावून मी कुणाचाच फोटो केला नाही, ताई. आणि हाताला सवय ना, डाग दिसला की उडवायचा — कपाळावरचा उडवला, फ्रॉकवरचा उडवला, गालावरचा उडवला. सेव्ह केलं, त्याच नावाने, जुन्यावरच. कॉपी? गिऱ्हाइकाची ठेवतो ना मी कॉपी. स्वतःच्या पोरीची नाही ठेवली.

प्रिंट शकुच्या हातात दिली. ती बघत राहिली, मला वाटलं खूश झाली. म्हणाली, हिची तीट खंय गेली? आम्ही कणकवलीकडचे, घरात ती मालवणीच बोलायची. मी म्हटलं, आत्ता लावतो, दोन मिनिटं. लावलीपण, गोल, मस्त. तिने मान हलवली — ही माझ्या बोटाची न्हय. आणि मग म्हणाली, तिका उघडी ठेवलात तुमी. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ झाली की फ्रेमपाशी जायची आणि काचेवर, बरोबर गालावर, बोटाने तीट लावायची. मी बघायचो.

तीन वर्षं लावली. गेल्या फाल्गुनात शकु गेली. तेराव्याला गावची माणसं यायची होती, म्हणून मी घर आवरायला काढलं — हाताला काहीतरी काम हवं होतं हो, दुसरं काय. फडकं घेतलं, पंखा पुसला, कपाट पुसलं, फ्रेमच्या काचा पुसल्या. सगळ्या. फडक्यावर काळं दिसलं तेव्हा कळलं. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी लावलेली होती ती. मला कुणी सांगितलं होतं पुसायला? कुणीच नाही.

आहे, रुमाल आहे माझ्याकडे. फडकं ठेवलंय, धुतलं नाही — पण त्यात काय बघायचं, नुसतं काळं आहे. आणि आता डोळे मिटून पोरीला आठवायला गेलो ना, तर स्क्रीनवरची येते. स्वच्छ, एक डाग नाही अंगावर. खरी कशी होती ते शकुला विचारायचं, तर शकु नाही.

काय? बघायचाय? नाही. तो नाही दाखवत मी कुणाला. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, सगळी चांगली आहेत. चला, उचला तुमचा फोटो, पासपोर्टवाले ताटकळलेत बाहेर. जाताना दार लोटून घ्या.