तिला कशी हाक मारता?

दुष्काळानं चारा संपवला, म्हणून छबूबाई सकाळी आपली गाय गुरांच्या छावणीत बांधून आली होती. आता खर्ड्याच्या एसटीची वाट बघून तिची पाठ भरून आली होती. मागच्या बाकावर एक दाजी आपल्या मेव्हण्याला, सहादूला, झाडत होते.

"भिंगारला पलटनीची खेचरं धुतली, सोडली. तमाशात पडदा वढला, सोडला. बँडात ढोल वाजवला, त्योबी सोडला. आता कारखान्यात चिकटवतो म्हनलं, तर नगं?"

"नगं दाजी. छावनीत बरा हाय मी."

"शेन काढायला?"

"शेन समदेच काढत्यात. पन परक्या जागी काही गाया चाऱ्याला तोंडच लावत न्हाईत. मंग मी मालकिनीला इचारतो, घरी हिला कशी हाक मारता? तशीच मारतो."

"अन् खाती?"

"येळ लागतो, पन खाती. तमाशातल्या नकला ऐकून गळ्याला वळान लागलं, खेचरांनी दम धरायला शिकवलं. एवढं हिंडलो ते वाया न्हाई गेलं, आसं पैल्यांदाच वाटतंय."

"आरं, पन पाऊस पडला की छावनी उठंल. मंग?"



"पडू दे की दाजी. मीबी रोज त्येच मागतो."

छबूबाई मागं वळली.

"दादा, आमची तांबडी हाय तितं. सकाळधरनं उपाशी हाय. माझ्या म्हायेरची हाय, तिला 'ये गं ताई' म्हनावं लागतं."

"ये गं ताई. आसं?"

"आसं न्हाई. जरा दमल्यावानी म्हना. सांजच्याला मी दमलेलीच आसती."