आत्याची सर्दी

(टोंगातलं एक इस्पितळ. खाटेवर सत्तरीच्या लोसालिने आत्या. डॉक्टर भाचा सेमिसी जमिनीवर मांडी घालून बसलाय.)

लोसालिने : अरे, वर बस! डॉक्टर ना तू?

सेमिसी : तुमच्यापेक्षा उंच कसा बसू, आत्या?

लोसालिने : बरं, तिथूनच सांग. पण खणखणीत. धाप मला लागलीय, तुला नाही.

सेमिसी : फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं, त्याचा पू झालाय. चार दिवस शिरेतून औषध चाललंय, पण ताप हटत नाही.

लोसालिने : लग्नात केकचा वरचा मजला माझा, मयतात भेट येतात त्यातली सगळ्यात भारी चटई माझी. आता घरात सगळ्यात जास्त पूही माझाच. मान आहे बाबा आत्याचा!

सेमिसी : जागा बधिर करून बरगड्यांमधून नळी घालावी लागेल. आत जाळ्या धरल्या असतील, तर नळीतूनच त्या सुटायचं औषध सोडू. तरी नाहीच भागलं, तर ऑपरेशन.

लोसालिने : आणि काहीच नाही केलं तर? जमिनीकडे काय बघतोस?

सेमिसी : तर... तुम्ही राहणार नाही, आत्या.

लोसालिने : मग तीन आठवडे कुठं होतास रे?

सेमिसी : तुम्ही म्हणालात, सर्दी आहे. बाबांनी मान डोलावली. मग आम्ही सगळ्यांनी.

लोसालिने : बावीस माणसं, त्यात एक डॉक्टर! मी सहा वर्षांची असताना माझी आत्या म्हणाली होती, आज समुद्र तांबडा आहे. आम्ही तीन दिवस तांबडा समुद्र बघत होतो. तेव्हाच ठरवलं, मोठेपणी आपण असंच व्हायचं. झाले की नाही?

सेमिसी : नळी घालू ना?

लोसालिने : नको.

सेमिसी : बरं, आत्या.

लोसालिने : बघा! लगेच बरं! अरे, भीती वाटते म्हणून नको म्हणाले मी. माझ्या भीतीपुढंही वाकतोस?

सेमिसी : तुमच्या शब्दावर आजवर कोण बोललंय?

लोसालिने : तू बोल. माझा हुकूम समज.

सेमिसी : ...नाही, आत्या. तुमचं ऐकणार नाही. नळी घालायची, आत्ताच.

लोसालिने : हं. तुझ्या बाबांना सांगू नकोस, मी ऐकलं म्हणून.

सेमिसी : नाही सांगत.

लोसालिने : मग ऊठ, उभा राहा. तिथं खाली बसून माझ्या बरगड्या कशा सापडणार तुला?