जान्हवीचं पहिलं काहून

(इंदूबाई, अंगणवाडी मदतनीस, मोहाडी तालुका. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच बोलीत.)

माहं माहेर लाखांदुराकडचं. बाप धान पेरे, माय रोवना करे, आन आम्ही पाच बहिनी शेताच्या धुऱ्यावर बसून चिखलाच्या बाहुल्या करत असो. सातवीपर्यंत शिकली मी, मंग लगीन होऊन इकडे आंधळगावाच्या बाजूले आली. मालक गवंडीकाम करत, आता नाहीत. एकच पोरगा, नरेश, अन सून वैशाली. अंगनवाडीत मदतनीस म्हनून लागली तेव्हा नरेश एवढासा होता, म्हनजे पाहा किती वर्ष झाले असन. खिचडी शिजवते, लेकरं घरून आनते, नाक पुसते, गाने म्हनते. गावातले अर्धे पोट्टे माह्या हातचे बोलते झाले, असं मी मोठ्या तोऱ्यानं सांगत होती ना बाई, आन माह्याच घरची नात बोलत नव्हती.

जान्हवी तिचं नाव. दिसाले गोरीगोमटी, हसरी. पन तिले विचारलं नाव काय, त ती म्हने, नाव काय. जेवलीस का, त जेवलीस का. आपन बोललो तेच वापस. जान्हवी दोन वर्षाची असतानाच वैशाली मले म्हनत होती, आई, पोरीले आपलं बोलनं समजत नाही, दवाखान्यात नेऊ. मी म्हनलं, आमच्या घरचे उशिराच बोलतात, तुले कायची घाई. खरं सांगू का, मले लाज वाटत होती. लोकं म्हनतीन, अंगनवाडीवालीची नात मुकी. आन काय सांगू तुम्हाले, एक दिवस पाच बायांसमोर मी बोलून गेली, दिवसभर हातात मोबाइल देऊन बसवते माय, मंग लेकरू बोलन कसं. वैशाली बाजूलेच होती. भांडे घासत होती, घासतच राहिली.

मंग ते कानाचं झालं. चार वर्षाची होऊन राहिली होती जान्हवी. ताप आला, दोन दिवस रडे. कोठी दुखते बेटा? त ती रडत रडत म्हने, कोठी दुखते बेटा. पोटाले हात लावला, डोक्याले लावला, समजूनच नाही राहिलं. तिसऱ्या दिवशी उशीवर पू दिसला. कान होता तो. दोन दिवस लेकरू ठनकनाऱ्या कानानं माह्याच मांडीवर होतं, आन मी तिच्या पोटाले हिंग लावत होती. त्या दिवशी मी वैशालीले म्हनलं, मी चुकली वो. चाल, कोठी न्यायचं ते सांग.

भंडाऱ्याले गेलो. कान बरा झाल्यावर डॉक्टरनं ऐकू येते का ते तपासलं. ऐकू बरोबर येत होतं. मंग त्यांनी बोलनं शिकवनाऱ्या मॅडमकडे पाठवलं. तरुन पोरगी होती, पन काय शांत. तिनं जान्हवीसोबत खाली बसून खेळ केला, आन मंग मले म्हनली, आजी, हिचे कान चांगले आहेत, पन ऐकलेलं डोक्यात बसाले तिले वेळ लागते. तुम्ही भरभर बोलता, तिच्यापर्यंत अर्धंच पोचते. एका वेळी एकच गोष्ट सांगा. हातात वस्तू द्या, नाव घ्या. विचारलं की थांबा, मनात दहा मोजा. आन मोबाइलमुळंच असं झालं असं नाही, आईले बोल लावू नका. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं तिले, तिनं कसं वळखलं काजून. वैशाली खिडकीकडे पाहाले लागली.

मी म्हनलं, मॅडम, आमच्याकडे ते चित्राचे पुठ्ठे, खेळने काही नाही. ती हसली. म्हनली, गावात जो हंगाम सुरू असन तोच तिच्या हातात द्या.

तेव्हा रोवन्याचे, धान लावाचे दिवस होते. आता रोवना मले कोनी शिकवावा? अंगनात घमेल्यात चिखल केला, बांधीतून परे आनले, परे म्हनजे धानाचे रोपं. आधी पेंढी सोड. मंग परा धर. मंग रोव. एवढंच. रोज तेच. पयले आठ दिवस ती चिखलच खाये. दहा मोजनं किती कठीन असते तुम्हाले सांगू, जीभ अशी वळवळते, आपनच सांगून टाकावं वाटते. मी ओठात पदर धरून बसो. एक दिवस मी म्हनलं, आधी? आन थांबली. तिनं पेंढीची गाठ सोडली. बोलली नाही, पन सोडली. मी नरेशले हाक मारली त तो म्हने, आई, एवढ्याशानं काय होते. त्याले काय समजते.

मंग तान्हा पोळा आला. लेकरं लाकडाचा बैल घेऊन घरोघरी जातात आमच्याकडे. बैल सुपाच्या खाली लपवला, पाटाच्या वर, दाराच्या मांगे. बैल कोठी? खाली पाह्य. मांगे पाह्य. धान कापून घरी आलं त एका टोपल्यात धान, एकात तनीस, म्हनजे धानाचा पेंढा, हे आन, ते ठेव. वैशाली रात्री झोपताना दिवसभराचं सांगे तिले, आज आपन आधी काय केलं, मंग काय केलं. माह्यापेक्षा चांगलं सांगे ती. मी भरभरच बोलते, पाहून राहिल्या ना तुम्ही. सून थांबू शकते. ते मले मान्य करावं लागलं.

थंडीच्या दिवसाची गोष्ट. सकाळी अंगनात चूल पेटवली होती, वली काडी होती, धूर झाला लय. वैशाली फुंकर मारून राहिली होती, डोयातून पानी गळे. जान्हवी बाजूले शेंगा सोलत होती. तिनं मायकडे पाह्यलं, पाह्यलं, अन म्हनली, आई, रडते काहून?

कोनी शिकवलं नव्हतं हे. आमचं बोलनं वापस नव्हतं केलं तिनं, स्वतःच्या मनातलं विचारलं होतं. वैशाली म्हनली, धूर लागला बेटा. थोडी थांबली पोरगी, अन म्हनली, धूर काहून? काडी वली हाये म्हनून. वली काहून? मंग वैशाली खरंच रडाले लागली, हातातली फुंकनी तशीच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा उतू गेला तिकडे.

आता पहिलीत जाते जान्हवी. सगळं सुटलं असं मी नाही म्हनत. गुरुजीनं चार गोष्टी एकदम सांगितल्या त दोनच करते, लांब गोष्ट मधातच सुटते तिची. सुरुवातीले गुरुजी चिडत, मी शाळेत जाऊन सांगितलं, गुरुजी, थोडं थांबत जा. आता ती उभी राहून म्हनते, परत सांगा. कोनाकोनाले ते उद्धटपना वाटते. वाटो. मोहफुलं वेचाले मायसोबत जाते, आन घरी आल्यावर कोनत्या झाडाखाली किती वेळ बसलो ते सगळं सांगते, मधात अडकते, मंग सांगते.

अंगनवाडीत आता कोनतं लेकरू असं दिसलं त मी मायले बोल लावत नाही. आधी कान तपास म्हनते, मंग भंडाऱ्याचा रस्ता सांगते, मंग सोबत जाते. माहे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवत नाही, तरी जाते. अजून दोन-तीन वर्ष होईन हे काम, मंग बसन घरी. मले आता मागाचं काही नाही बाई. तुम्ही एवढा वेळ बसल्या, माहं सगळं ऐकलं, मधात बोलल्या नाही. देव करो, प्रत्येक लेकराले असं बसनारं कोनीतरी भेटो.