झरोका की खण

—नाही हो भाऊ, बसा तुम्ही निवांत, आमच्या यांना यायला अजून वेळ आहे. तुमच्याकडचं ते फटी बुजवायचं सीलंट पसंत पडलं नाही ना, आता चौकातली सगळी दुकानं पालथी घालतील, दुकानदाराला डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावतील आणि शेवटी पहिल्या दुकानातलंच घेऊन येतील — माहितीये मला. तुमच्या एसी बसवायच्या कामात नाक खुपसतात असं नका वाटून घेऊ. बस आगारात मेकॅनिक होते, उभा जन्म हातात पाना. माझी ताई तर त्यांना तोंडावर ‘पाना’ म्हणते — ‘आले का आमचे पाना?’ — आणि हे उलट खूश होतात. अहो, तिथे नका टेकू, ते टेबल आहे. म्हणजे आत्ता टेबल आहे, खटका दाबला की बाक, आणि झोपायच्या वेळी पलंगाचा अर्धा भाग. या घरगाडीत प्रत्येक वस्तूला दोन-दोन नोकऱ्या. मला मात्र एकच — गाडी वळली की ओट्यावरची भांडी धरायची.

हो, एसी चांगलाच निवडलाय, त्यात मी खोट काढत नाही. सगळा हिवाळा त्यांनी त्यातच घालवला. एक छतावर बसवायचा, एक पलंगाखालच्या खणात, एक तो दोन तुकड्यांचा — त्याचा बाहेरचा डबा मागे टांगायचा, पण तो खड्ड्यांनी खिळखिळा होतो म्हणे. घरातला साधा लावावा, तर तो सुरू होताना असा हिसका देतो की बॅटऱ्या मान टाकतात. हा कसा, हळूच सुरू होतो, सरळ बॅटरीवर चालतो, गार झालं की आपणहून मंदावतो, आणि बॅटरीला वर सोलर आहेच. आधी उष्णता अडवायची, मग एसीला काम कमी — बघा, पाठ झालंय मला! म्हणून तर भिंतींना आतून अस्तर लावलं, काचांना हे चकचकीत पडदे केले. जेवताना तेच, झोपताना तेच. आणि मग मला म्हणाले, ‘शेवटचं तू ठरव. झरोका की खण?’ म्हणजे कसं, खाली बसवला तर माझा खण जाणार, वर बसवला तर हा छतातला झरोका जाणार — त्याचं भोक आयतं मापाचं आहे ना, तुम्हीच म्हणालात. मी म्हटलं, झरोका जाऊ दे. पटकन म्हटलं. आता वर बघवत नाही.

हसाल तुम्ही, पण सांगते — पलंगावर उभी राहिले, झाकण फिरवून उघडलं, की माझं डोकं बाहेर निघतं. थेट खांद्यांपर्यंत! हे बाहेर नळी लावून पाणी भरत असले की मी तशीच उभी राहते. एकदा एक कावळा समोरच बसला होता सोलरवर, दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, तोही दचकला, मीही. आता तिथे तुमचा पांढरा डबा बसणार आणि बाकीच्या काचा बंद ठेवायच्या, गारवा बाहेर जातो म्हणून. बरोबरच आहे. शास्त्राप्रमाणे बरोबरच आहे.

—खण का नाही दिला? खणात पांघरुणं आहेत. अहो — नको, उघडू नका ना! वायर तिकडूनच न्यायची? दुसरीकडून नाही का जमणार? … बरं. उघडा. पण हे यायच्या आत झाकण लावा, तेवढं करा माझ्यासाठी. … हां, ते पडदे आहेत. आमच्या आधीच्या घराचे. या खिडक्यांना कसे बसतील, एकेक पडदा माणसाच्या उंचीचा! ते पायपुसणं. आणि ती घंटा, दारावरची. वाजत नाही ती, आतली वायर तुटलीये. मुद्दाम लपवून ठेवलीये मी. यांच्या हाती लागली तर चहा निवायच्या आत दुरुस्त करून या गाडीच्या दाराला लावतील, आणि वर म्हणतील, ‘घे, तुझी घंटा!’

नाही हो, माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. निवृत्त झाले, म्हणाले, जग बघू, घर विकून ही गाडी बांधू, मन भरलं की कुठेतरी घर घेऊ. मीही हो म्हटलं, मलाही हौस होती — खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष मजेत गेलं. माझं मन भरलं. यांचं भरतच नाही! आणि मला स्पष्ट बोलता येत नाही, तोंड उघडलं की दुसरंच बाहेर पडतं. म्हटलं, पाठ दुखते — झाली नवी गादी. म्हटलं, ओट्याचा कोपरा लागतो — बसले कानस घेऊन, कोपरा गोल. म्हटलं, बोलायला शेजार नाही — तर काय आणलं असेल? रेडिओ! अहो, शेजार नाही म्हटल्यावर रेडिओ! त्यांना वाटतं, बायकोची एकेक तक्रार मिटली. आणि मी मोजतेय, आता माझ्याकडे काय उरलं? उकाडा. तेवढा एकच उरला होता.

कारण उन्हापुढे यांचा पाना चालत नव्हता. उन्हाळा आला की हा पत्रा असा तापतो, हात लावून बघा, आत्ताच बघा. मग हे हात टेकतात आणि म्हणतात, चल तुझ्या ताईकडे. दोन महिने! गाडी ताईच्या अंगणात आणि मी घरात. घरात हो भाऊ, भिंती असलेल्या. तिथे शेजारीण मला नावाने हाक मारते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक झाड दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर तेच झाड! तुम्हाला वाटेल, ही बाई वेडी आहे, झाडाचं काय एवढं. पण रोज दार उघडावं आणि आपण कुठे आहोत ते नवऱ्याला विचारावं लागावं — तसं राहून बघा म्हणजे कळेल. लोक म्हणतात, काय मजा आहे तुमची, कशाला बांधलेल्या नाही. आणि मी इथून ओट्यापर्यंत जाते आणि ओट्यापासून परत इथे, बाहेरचं सगळं बदलतं आणि मी तिथल्या तिथे.

ताईचे गुडघे गेलेत. एकटीच असते. यंदा तिने मागची खोली रंगवून घेतली, परवा फोनवर म्हणाली, ‘या वेळी लवकर या गं.’ मी हो-हो म्हटलं. एसीचं सांगितलंच नाही. कसं सांगू? हा बसला की उन्हाळ्यात थांबायचं कारणच संपलं. यांनी तर रस्ताही आखलाय, लांबच्या लांब, ताईचं गाव त्यात कुठेच नाही.

म्हणून म्हणते, भाऊ — एक कराल का माझ्यासाठी? म्हणा, बसत नाही. एवढंच म्हणा. छत वजन पेलणार नाही, खालचे सांधे गंजलेत, काहीही म्हणा, तुमच्या शब्दाला ते मान देतात. खणाचं मी बघते, खण मी देणारच नाही. तुमच्या कामाचं नुकसान होईल, कळतं मला. पण तुम्हालाही बहीण असेल ना? … असे खाली बघू नका हो. ती मोजपट्टी ठेवा बाजूला. … पायरी वाजली. आले. आले बघा हे.

—आलात? मिळालं का? पहिल्याच दुकानात ना? सांगत नव्हते मी भाऊ तुम्हाला! अहो, पण घाम पुसा आधी, आणि ऐका, हे भाऊ काय म्हणताहेत. सांगा ना भाऊ. … हो, मलाही मघाशी तेच सांगत होते. वजन पेलायचं नाही म्हणे छत. आता कारागीरच म्हणतो म्हटल्यावर काय करणार? राहू दे. इतकी वर्षं निभावलं, यंदाही निभावू. ताईकडे जाऊ, तिने खोलीसुद्धा रंगवून — काय? … मोठी? … ही देऊन मोठी गाडी घ्यायची? नाही हो, कशाला! … नाही, मी उकाडा सोसते ना, मला काही होत नाही — अहो, तसं नाही, उगाच कुरकुर करते मी, तुम्ही काय मनावर घेता! … दोन झरोके असतात? मोठ्या गाडीला? … अस्सं.

भाऊ. पुन्हा एकदा मोजा. आतून आडवी पट्टी टाकली तर पेलेल ना? टाका मग, टाका पट्टी. पेलेल म्हणताहेत हो ते, ऐकलंत? मोठी गाडी नको, ही बरी आहे, हिचे कोपरे तरी गोल केलेत तुम्ही. … मी काय बोलत होते? बाहेर ऐकू येत होतं? काही नाही, उकाड्याचंच बोलत होते, दुसरं काय बोलणार मी.

अहो — ती घंटा कुठून काढलीत? भाऊ, झाकण लावा म्हटलं होतं ना मी! … हो, आपल्या घराचीच. … विसरले नव्हते, राहून गेलं दाखवायचं. … असू दे, आत्ता नको, उन्हातून आलात, बसा तरी. … बरं. लावा. याच दाराला लावा.

भाऊ, तुम्ही कशाला थांबलात? चढा वर. काढा तो झरोका.